मणक्यात पू झालाय, अन्ननलिकेतून सुई घालून सॅम्पल घ्यावं का?

द्राक्षवाला_पिंपळगाव: सासऱ्यांची पाठ अडीच महिने दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप. बागेत पंप पाठीवर घेऊन फवारणी करतात म्हणून आम्ही मलम चोळत बसलो. एमआरआयमधे डी७-डी८ (छातीमागचे सातवा-आठवा मणका) ची गादी खराब आणि पुढच्या बाजूला पू. सीटीवर बघून पाठीतून बायोप्सी केली तर निगेटिव्ह. आता डॉक्टर म्हणतात एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफी असते, तो तोंडातून घालून अन्ननलिकेतून सुईने पू ओढू. माझं मत, करावं. अन्ननलिका त्या मणक्यांच्या पुढूनच जाते, मागून जायचं म्हणजे बरगड्या आणि फुफ्फुस सांभाळत जायचं.

सिन्नरकर: कशाला भाऊ एवढा उपद्व्याप? आपल्याकडे मणका म्हटलं की टीबीच. आईला एमआरआय बघूनच एकेटी (टीबीच्या गोळ्या) चालू केली, दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या, आता ठणठणीत पापड लाटते.

लॅबवाली_ताई: आईचं बरं झालं, आनंद आहे. पण स्टॅफ आणि ब्रुसेला हे जंतूपण मणका खातात, आणि टीबी निघाला तरी तो रिफाम्पिसिनला (टीबीचं मुख्य औषध) दाद देणारा आहे की नाही हे एमआरआय सांगतो का? पू मिळाला तर सीबीनॅट मशीनवर दोन्ही दोनेक तासात कळतं, कल्चरला (जंतू वाढवून बघायला) सहा आठवडेपण लागतात. आणि दादा, आधीचं सॅम्पल कशात पाठवलं होतं ते विचारा हो. सगळं फॉर्मॅलिनच्या डबीत टाकलं तर जंतू तिथेच मेले, कल्चरमधे उगवणार काय डोंबल? थोडं सलाईनमधे लागतं.

नाशिकरोड_७७: ताई बाकी मान्य, पण सुई अन्ननलिकेतून जाणार म्हणजे तिथले जंतू बरोबर. कल्चरमधे स्ट्रेप (तोंडातपण असणारा जंतू) आला तर तो मणक्याचा का तोंडाचा? शिवाय स्वच्छ जागी घाण ढकलायची रिस्क. मी म्हणतो अँटिबायोटिक चालू असेल तर थांबवून (त्याने जंतू दबतात) सीटी बायोप्सीच परत करा. कंबरेच्या खालच्या मणक्यांना तर हा प्रकार सहसा पोचतच नाही.

लॅबवाली_ताई: यांचा मणका छातीचा आहे, कंबरेचा नाही. आणि टीबीचा जंतू काही तोंडात आपोआप फिरत नसतो.

नाशिकरोड_७७: फुफ्फुसात टीबी असेल तर थुंकी गिळतोच की माणूस.

लॅबवाली_ताई: बरं, हा पॉइंट तुमचा. मग छातीचा एक्सरे आणि थुंकी आधी तपासून घ्या.

द्राक्षवाला_पिंपळगाव: आत्ता फाईल काढून बघितली. एकच डबी, फॉर्मॅलिनची. वर गावात दहा दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली होती ती आम्ही कुणाला सांगितलीच नाहीत. आता डॉक्टरांना दोन्ही सांगतो, मग सीटी का एंडोस्कोप ते ठरेल, पण आंधळेपणाने गोळ्या नाही. मुंबईला न्यायचं झालं तर पंचवटी एक्सप्रेसमधे आडवं कसं झोपवणार, गाडीच करतो, कसारा घाटात हळू.

सिन्नरकर: तुमची मर्जी. पण पाय जड वाटायला लागले का लघवी अडकली तर सुईबिई सोडा, त्याच रात्री सर्जनकडे पळा.