परदेशातून पालिकेचं संकेतस्थळ उघडत नाही, घरपट्टी कशी भरू?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. गावाकडच्या घराची घरपट्टी दरवर्षी मीच ऑनलाइन भरतो. आई पंचाहत्तरीची आहे, तिला रांगेत उभं करायचं नाही. यंदा मात्र पंधरा दिवस झाले, पानच उघडत नाही. लॉगिनपर्यंतही पोचत नाही, नुसतं 'टाइम आउट'. पुण्यातल्या मित्राकडे तीच लिंक लगेच उघडली. म्हणजे परदेशी आयपी (इंटरनेटवरचे पत्ते, ज्यांवरून देश कळतो) अडवलेत. मित्र भरून देईल, पण दरवेळी त्याला माझा ओटीपी सांगणं मला पटत नाही.

अडवण्यामागचं कारण कळतं. बाहेरून हल्ले होतात, आणि छोट्या कार्यालयाला सगळं परदेशच बंद करणं स्वस्त पडतं. पण हल्ला करणारा भारतातला सर्व्हर भाड्याने घेऊन येऊ शकतो. अडकतो तो माझ्यासारखा, ज्याची ओळख ओटीपीने पटते. सिनेमा-मालिकांचं मी समजू शकतो, तिथे हक्कच देशागणिक विकलेले असतात. २०१८ मध्ये युरोपात गोपनीयतेचा कायदा लागू झाला तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्सने इथल्या वाचकांना बंद केलं होतं, तेही कायद्याच्या धास्तीने. इथे तर मी कर भरायला आलोय!

व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत इंटरनेट वापरू देणारी सेवा) घ्यावं का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ च्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले आणि आता त्या सिंगापूरहून भारतीय आयपी देतात. तो चालेल का? आणि त्यावरून बँकेचं लॉगिन करणं सुरक्षित आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: भारतीय सिम चालू आहे ना? वायफाय बंद करा, त्याच सिमचा रोमिंग डेटा सुरू करा. रोमिंगचा डेटा बहुतेक वेळा मूळ कंपनीच्या नेटवर्कमधूनच जातो, त्यामुळे साइटला आयपी भारतातला दिसतो. मी दुबईहून असंच भरतो. एक दिवसाचा पॅक पुरतो. पैसे एनआरओ खात्याच्या (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) नेटबँकिंगने भरा, परदेशी कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

धागाकर्ता: भरली! पावतीही आली, मनापासून आभार. आता पालिकेला पत्र लिहितोय, की निदान थकबाकी बघायचं आणि भरायचं पान तरी बाहेरून खुलं ठेवा, ओटीपीची अट राहू द्या. असं पत्र कुणी आधी पाठवलं असेल तर मसुदा द्याल का?