ईसीटीच्या वेळी प्राणवायू पूर्ण असूनही आकडी अपुरी का राहते?

प्रश्न (निवासी डॉक्टर, भूलशास्त्र विभाग)
तीव्र नैराश्याच्या एका रुग्णावर ईसीटीचे (भूल देऊन विजेच्या झटक्याने मेंदूत आकडी आणण्याचे) उपचार चालू आहेत. सुरुवातीच्या सत्रांत आकडी समाधानकारक येत असे. आता ती ईईजीवर (मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखावर) १५ सेकंदांच्या आतच मावळते. थायोपेंटोन (भुलीचे औषध) आणि स्कोलीन (स्नायू सैल करणारे औषध) यांची मात्रा तीच आहे, मास्कने शुद्ध प्राणवायू चालू असतो आणि पल्स ऑक्सिमीटरवर ९९ ते १०० टक्के दिसतात. विद्युतमात्रा वाढवण्यापूर्वी श्वसनाच्या बाजूने काही करता येईल का?

उत्तर (भूलतज्ज्ञ)
आपण कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते आधी तिथेच पाहायला हवे. भूल दिल्यापासून झटका देईपर्यंत अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) नीट दाबली गेली नाही, तर आधी भरून घेतलेल्या प्राणवायूमुळे ऑक्सिमीटर शंभरच दाखवत राहतो, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. त्याने मेंदूतील आम्लता वाढते, चेतापेशींना उद्दीपित करणाऱ्या एनएमडीए ग्राहकांचे काम मंदावते, अडिनोसिनचा शामक प्रभाव वाढतो आणि आकडीचा उंबरठा (आकडी येण्यासाठी लागणारी किमान विद्युतमात्रा) वर जातो. हा वायू बाहेर काढला की चेतापेशी सहज उद्दीपित होतात. अपस्माराच्या तपासणीत ईईजी चालू असताना रुग्णाला काही मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, ते याच कारणासाठी. ईसीटीमध्येही झटक्यापूर्वी असे श्वसन दिल्यास आकडी लांबते, असे नॉर्वेतील संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले होते. म्हणून भूल चढताच बॅगने भरपूर श्वास द्यावेत आणि कॅप्नोग्राफवरील (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरील) आकडा पाऱ्याच्या ३० मिमी दाबाच्या आसपास आणावा.

उत्तर (मनोविकारतज्ज्ञ)
सहमत आहे. मात्र सत्रे वाढत जातात तसा उंबरठा आपोआपही चढतो, आणि रात्री दिलेले लोराझेपाम (शामक औषध) किंवा चालू असलेले व्हॅल्प्रोएट (अपस्मारावरील औषध) आकडी दाबू शकते, म्हणून औषधांचा तक्ता आधी पाहावा. शिवाय केवळ सेकंद मोजून उपचाराचे मूल्यमापन करू नये. ईईजीतील लहरींची उंची आणि आकडीनंतर रेषा किती स्पष्टपणे सपाट होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. माझा एक आग्रह आहे: श्वास देण्याची पद्धत प्रत्येक सत्रात सारखीच ठेवावी, नाहीतर फरक विद्युतमात्रेमुळे पडला की श्वसनामुळे, हे कधीच कळणार नाही.

उत्तर (भूलतज्ज्ञ, दुसरे)
यात एक इशारा जोडणे मला आवश्यक वाटते. कार्बन डायऑक्साइड प्रत्येक १ मिमीने घटला की मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३ टक्क्यांनी कमी होतो आणि आकडीत तर मेंदूची प्राणवायूची गरज वाढलेली असते, त्यामुळे वृद्ध किंवा पूर्वी पक्षाघात झालेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण फार खाली नेऊ नये. मास्क सैल असेल तर कॅप्नोग्राफ खोटा कमी आकडा दाखवतो, हेही ध्यानात असावे. आकडी चालू असताना आणि रुग्णाचा स्वतःचा श्वास परत येईपर्यंत बॅगने प्राणवायू देणे थांबवू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुढच्या सत्रात विद्युतमात्रा न बदलता आधी कॅप्नोग्राफ लावून श्वसन सुधारू, आणि लोराझेपामबद्दल आजच विभागात विचारते.