वाट बघताना जागं कसं राहता? अनुभव सांगा

तापीकाठची
जय ख्रिस्त मंडळी. काल नाताळची साफसफाई काढली आणि माळ्यावरून आजीचा कंदील निघाला, काच तडकलेली पण बुडाला अजून रॉकेलचा वास. नवापूरकडे आमच्या गावात तेव्हा लाईट यायची-जायची, बहुतेक जायचीच. आजी रोज दिवस मावळायच्या आत बांगड्या वर सारून, चिंधीवर चुलीतली राख घेऊन, हात आत घालून काच पुसायची, मग वात कातरायची, कोपरे गोल. लाईट असली तरी! मी म्हटलं आज कशाला, तर म्हणे कोण येईल काय माहीत. काका गुजरातला ऊसतोडीला गेलेले ते नऊ वर्षं आले नव्हते, ती त्यांच्याबद्दल बोलायची का प्रभूबद्दल, मला आजवर कळलं नाही. काका आले शेवटी, आजी जाऊन दोन वर्षं झाल्यावर. ३० नोव्हेंबरला चर्चमध्ये आगमनकाळाची (नाताळआधीचे चार रविवार) पहिली मेणबत्ती लागली, पाळकसाहेबांनी येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला घेतला (रात्री दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहाजणी, पाच शहाण्यांनी जादा तेल आणलेलं, पाच मूर्खांनी नाही, आणि मागितल्यावर शहाण्यांनी दिलं नाही) आणि मला अख्खा वेळ तो राखेचा हात दिसत होता. तुमचंही लिहा. विश्वास टिकला नसेल तर तेही लिहा.

केळीवाला रावेर
ताई आमच्याकडे आठवडाभर रात्रीची लाईट असते, जागं राहण्यात पीएचडी झालीय 😅 मागच्या वर्षी पंपाच्या स्टार्टरला ऑटो लावला, लाईट आली की मोटर आपोआप चालू, आणि निवांत झोपलो. सकाळी बघतो तर ठिबकची नळी निघालेली, माझी केळी कोरडी आणि शेजाऱ्याचा मका न्हाऊन निघालेला. विश्वासाचंही माझं तसंच, ऑटोवर. रविवारी चर्च, की झालं.

भरीतप्रेमी
😂😂 शेजाऱ्याने आभार मानले का?

केळीवाला रावेर
कणसं आणून दिली ना भो पोतंभर

लाईनबॉक्स
भुसावळ, रेल्वे कॉलनी. वडील ड्रायव्हर होते. रात्री ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय यायचा, कडी वाजवायचा, कॉलबुकात सही घ्यायचा, दीडला येईल नाहीतर साडेतीनला. वडील झोपायचे, बिनधास्त घोरायचे, पण पेटी भरलेली, बूट दाराशी, टॉर्च तपासलेली आणि आईने डब्याचं पीठ मळून झाकून ठेवलेलं. बायबलात मार्क १३ मध्ये येशू जागे राहा म्हणतो, घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी असे चार प्रहर येतात ना, ते मला लहानपणी शपथ वाटायचं आमच्याच कॉलनीबद्दल लिहिलंय. आता मोबाईलवर कॉल येतो म्हणे.

नाईट सिस्टर
लाईनबॉक्स दादा, घोरायचे हे वाचून बरं वाटलं. दाखल्यात दहाही जणी झोपल्या होत्या, शहाण्यासुद्धा! फरक तेलाचा, झोपेचा नाही. हे मला चाळिशीत कळलं, तोवर प्रार्थनेत डुलकी लागली की आपण मूर्ख पाचांत असं वाटायचं. येशूच्या अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याच्या शिष्याला, पेत्रालाही तासभर जागं राहणं जमलं नाही. बाकी नंतर लिहिते, बेल वाजतेय.

अमळनेर
मी वेगळं लिहिते, राग मानू नका. अकरा वर्षं मूल नव्हतं. प्रत्येक महिला सभेत कोणीतरी हात धरून सांगायचं देवाची वेळ असते गं. मनात यायचं, मग देवाला सांगा माझं वय बघ. तीन वर्षं मी प्रार्थना केली नाही, चर्चला जायचे ते उपासनेनंतरच्या चहासाठी. एकदा सासूबाई (त्यांना वाचता येत नाही) म्हणाल्या मला बायबलातलं तेरावं स्तोत्र वाचून दाखव. पहिल्या दोनच वचनांत चार वेळा "कोठवर" आहे. चौथ्याला माझा आवाज गेला. त्या काही बोलल्या नाहीत, लसूण सोलत बसल्या. मूल झालं नाही, सांगून ठेवते, नाहीतर खाली अभिनंदन येतील. पण भांडायला तरी परत बोलायला लागले त्याच्याशी.

तापीकाठची
अमळनेर ताई ❤️ सासूबाईंना सलाम सांगा.

नाईट सिस्टर
आले परत. ताई, काही लिहीत नाही, फक्त वाचलं हे सांगायला.

भरीतप्रेमी
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? आमची आजी वारीला गेलेल्या आजोबांसाठी ओट्यावर बसायची. एकादशी उलटली की रोज एक भाकर जास्त टाकायची कळण्याची, आणि संध्याकाळी ती मलाच मिळायची, मिरचीच्या ठेच्याबरोबर. त्यामुळे आजोबा उशिरा यावेत असं मला वाटायचं 🙈

केळीवाला रावेर
चालेल म्हणजे काय, धावेल. कळण्याची भाकर काढून भूक लावली राव रात्री अकराला

लाईनबॉक्स
लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना आठवली, बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा तिथे ती आणि म्हातारा शिमोन होते. चौऱ्याऐंशीची विधवा, रात्रंदिवस मंदिरात. सगळे शिमोनाबद्दल बोलतात, त्याला निदान मरण्याआधी ख्रिस्त दिसेल असं आधी कळलं होतं. हिला तसं काही सांगितल्याचं लिहिलेलं नाही, तरी बसून होती बाई.

तापीकाठची
हे कधी लक्षात नव्हतं आलं. बरं, कंदिलाची काच मिळते का हो कुठे? चौथ्या रविवारी लावायचाय.

अमळनेर
जुन्या भांडीवाल्यांकडे विचार. बुडाचं माप दोऱ्याने घेऊन जा, नाहीतर हलते.

केळीवाला रावेर
काच मिळेल, रॉकेल कुठून आणणार? रेशनवर कधीच बंद झालं आमच्याकडे. शहाण्या पाचजणींना विचारा

नाईट सिस्टर
त्या देत नाहीत दादा 😂