मन सांभाळा, पण काम तेवढंच

कोरा कागद

दीपस्तंभ यांच्या कालच्या लेखाला तिथेच प्रतिसाद लिहायला बसले, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपनीनं ध्यानाचं अ‍ॅप दिलं, समुपदेशकाचा नंबर दिला, दर महिन्याला ताणमुक्तीचं सत्र ठेवलं. एवढं करूनही लोक थकल्याची तक्रार करत असतील तर तो त्यांच्या कणखरपणाचा प्रश्न आहे आणि काम घसरल्याची सबब म्हणून मानसिक आरोग्य पुढे करणं थांबलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मला या लेखाचा रागच आला. आमच्याकडे ताणमुक्तीचं सत्र भर दुपारी असायचं. त्या तासाचं काम कोणी उचलत नव्हतं, ते संध्याकाळी थांबून आम्हीच पुरं करायचो. ज्यानं मुदत ठरवली तो सत्राला कधी दिसला नाही. दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं, पण 'हे शुक्रवारपर्यंत होणार नाही' असं म्हणायची सोय कोणी केली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, बर्नआउटचं, म्हणजे कामानं पार थकून जाण्याचं, जे वर्णन केलं ते वाचा. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असं तिथे म्हटलंय. त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटलंय. म्हणजे मूळ कुठे शोधायचं ते व्याख्येतच आलं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की भरपूर काम आणि त्याबाबत ठरवायचा हक्क मात्र तुटपुंजा, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त झिजवते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातही ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. मोठ्या हुद्द्याच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीतले लोक जास्त आजारी होते. हे सगळे कमकुवत मनाचे होते का?

मला अ‍ॅप नको. नवं काम हातात देताना जुनं कुठलं थांबवायचं ते त्याच वाक्यात सांगा.

दीपस्तंभ

माझा लेख अर्धाच मांडलात. मी असंही लिहिलं होतं की टीम सांभाळणाऱ्याच्या हातात आकडे नसतात. उद्दिष्ट वरून येतं, माणसं वरून कमी होतात आणि मधल्या माणसानं हसतमुख राहायचं. कोणाला 'काय झालं?' विचारलं तर खासगीत डोकावतो, नाही विचारलं तर निर्दयी.

आणि पुरावे निवडून देऊ नका. त्याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कर्मचाऱ्यांना ताण हाताळायचं कौशल्य शिकवावं, असंही आहे. नैराश्य आणि चिंतेवरच्या उपचारांत घातलेल्या एका डॉलरमागे चार डॉलर परत मिळतात, हेही त्यांचंच. मग अ‍ॅप आणि समुपदेशन वाईट कसं?

आमच्याकडे समुपदेशन फुकट आहे आणि वापरणारे बोटांवर मोजण्याइतके. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, प्यायचं त्यानंच असतं. हे माझं मत होतं आणि आहे.

हिशेबनीस

चार डॉलरच्या आकड्याबद्दल. तो २०१६ च्या एका अंदाजातून आलाय. ३६ देशांत नैराश्य आणि चिंतेवरचे उपचार, म्हणजे औषधं, मानसोपचार वगैरे, वाढवले तर काय होईल याचं ते गणित होतं. मनुष्यबळ विभागानं विकत घेतलेल्या अ‍ॅपचा परतावा त्यात मोजलेला नाही. अ‍ॅप विकणारे तो आकडा सादरीकरणात घालतात, ते चूक आहे.

अ‍ॅपबद्दल थेट काही हवं असेल तर ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा निबंध बघा. ब्रिटनमधल्या २३३ संस्था, ४६,३३६ कर्मचारी. सजगतेचे (माइंडफुलनेसचे) वर्ग, मनाच्या लवचिकतेचं प्रशिक्षण, स्वास्थ्य-अ‍ॅप अशा उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. अपवाद फक्त स्वयंसेवेच्या संधीचा.

दीपस्तंभ

एका वेळी घेतलेली पाहणी आहे ती. जे आधीच खचलेत तेच अशा वर्गांना जास्त जात असतील, मग फरक कसा दिसेल?

हिशेबनीस

आक्षेप योग्य आहे, कार्यकारण त्यातून सिद्ध होत नाही. पण कार्यक्रम कुठे राबवायचा आणि कुठे नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेला प्रयोगही आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या विक्री साखळीत १६० ठिकाणी, सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर. २०१९ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कार्यक्रम मुख्यतः आहार, व्यायाम, ताण यांबद्दलचा. दीड वर्षानंतर लोक 'आम्ही जास्त व्यायाम करतो' असं सांगत होते. पण तब्येतीची मोजमापं, गैरहजेरी, कामगिरी, कशातच ठळक फरक नाही.

जुना फोरमन

तुम्हा सगळ्यांचं वाचतोय. एक गोष्ट कोणीच बोलत नाही. काम माणसाला सावरतंसुद्धा. माझ्या धाकट्या भावाचा संसार मोडला तेव्हा त्याला घरी बसवलं असतं तर तो संपला असता. रोज सकाळी शिफ्टला जायचं, यंत्र चालू करायचं, चार माणसं 'काय रे' म्हणणारी, त्यावर तो उभा राहिला. आता ज्याला त्याला रजा घ्या, थांबा, विसावा घ्या सांगतात. घरी एकटा बसून मन बरं होतं हे कोणी सांगितलं?

कोरा कागद

फोरमनसाहेब, चांगलं काम मनाला बळ देतं, याच्याशी माझं भांडण नाही. तुमच्या भावाला 'काय रे' म्हणणारी माणसं होती. ती माणसं कमी करून त्यांचं काम उरलेल्यांवर टाकलं की सावरणारं काय उरतं?

रात्रपाळी

आलात एकदाचे खऱ्या मुद्द्यावर. उरलेल्यांवर टाकलं की.

मी वॉर्डात नर्स आहे. तुमची सगळी चर्चा खुर्चीवर बसणाऱ्यांची चालली आहे. आमच्याकडे एक सहकारी मनाच्या कारणानं लांब रजेवर गेली. बदली माणूस आला नाही. तिचे पेशंट आम्हा उरलेल्यांत वाटले गेले. सलग रात्रपाळ्या, सुट्टीच्या दिवशी फोन. 'ती आजारी आहे, समजून घ्या.' घेतलं समजून. मग माझी पाठ आणि झोप गेली, तेव्हा मला सांगितलं की आता तूही गेलीस तर वॉर्ड कसा चालणार. जो आधी रडतो त्याला रजा आणि जो दात-ओठ खाऊन उभा राहतो त्याला दुप्पट काम, हा न्याय आहे का? आणि यातल्या काही जणी रजेवर असताना लग्नाकार्यात नटून फिरतात, तेही बघितलंय.

उंबरठा

हे शेवटचं वाक्य लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

मी त्या रजेवर होतो. तुमच्या वॉर्डात नाही, दुसऱ्याच क्षेत्रात, पण त्याच रजेवर. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की घराबाहेर पडा, माणसांत जा. मी बहिणीच्या लग्नात उभा होतो, हसत होतो, फोटो निघाले. एकानं तो फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. परत आलो तेव्हा कोणी काही बोललं नाही, फक्त जेवायला माझ्या टेबलावर कोणी बसेना. नैराश्य असलेल्या माणसानं कसं दिसायचं ते तुम्हीच ठरवा म्हणजे आम्ही तसं दिसू.

आणि 'आधी रडतो' काय? मी रडलो नव्हतो. साधी मेल मला वाचता येईना, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. रजा मागायला खूप उशीर केला, तो अशाच बोलण्याच्या भीतीनं.

रात्रपाळी

तुमच्याबद्दल बोलले नाही.

उंबरठा

ज्यांच्याबद्दल बोललात त्यांच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला फोटोवरून कळलं?

दीपस्तंभ

बघा, हेच मी लेखात म्हणत होतो. खरं कोण आणि सबब कोण सांगतंय हे ठरवायला काही साधन नाही. मग प्रामाणिकपणे काम करणारा चिडतो.

कोरा कागद

दीपस्तंभ, या भांडणात स्वतःचा विजय शोधू नका. वॉर्डात बदली माणूस दिला असता तर रात्रपाळी यांना कोणाच्या लग्नाचे फोटो बघायची वेळ आली असती का? दोन दमलेली माणसं एकमेकांवर ओरडताहेत आणि ज्यानं ती जागा रिकामी ठेवली तो या धाग्यावर नाहीच.

रात्रपाळी

माझ्या वतीनं बोलू नका. माझा राग जागेवर आहे. बदली माणूस नाही हे व्यवस्थापनाचं पाप, पण ते पाप माझ्या अंगावर येतं, तुमच्या नाही. 'व्यवस्था' म्हटलं की सगळे सुटतात. तिला रजा मिळाली, तुम्हाला धागा मिळाला, मला रात्रपाळी मिळाली.

उंबरठा, लग्नाचं वाक्य नको होतं, एवढं मान्य करते. बाकीचं मागे घेत नाही.

हिशेबनीस

रात्रपाळी यांच्या बाजूनं एक आकडा. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र मांडलं. म्हणजे रजेवर गेलेल्याचं काम उरलेल्यांवर वाटणं हा पुढच्या आजारपणाचा पाया आहे.

दीपस्तंभ यांच्या उत्पादकतेसाठी दुसरा. स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कॅव्हल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याच्या साधारण पन्नास तासांपुढे दर तासाचं उत्पादन घसरत जातं. ७० तास काम केलेल्यांचं एकूण उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. युद्ध चालू असताना, हातानं करायच्या कामात ही स्थिती.

जुना फोरमन

हे मात्र खरं. ओव्हरटाइमच्या शेवटच्या तासांतला माल आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचो, खोट त्यातच जास्त निघायची. वरच्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, आकडा भरला ना?

पाणचक्की

अवांतर आहे, पण माझ्या मते सगळ्याचं मूळ मोकळ्या हॉलची ऑफिसं. आमच्या केबिनच्या भिंती पाडल्या, 'संवाद वाढेल' म्हणून. २०१८ मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी अशा बदलाच्या आधी आणि नंतर मोजलं, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालेलं. लोक कानात इअरफोन घालून मेल पाठवू लागले. दिवसभर शेजारच्याचे फोन ऐकल्यावर मन शांत ठेवायला अ‍ॅप देतात. आधी भिंत द्या.

कोरा कागद

भिंतीला माझं अनुमोदन, पण वेगळा धागा काढा, नाहीतर रजेचा प्रश्न इथे बुडेल.

दीपस्तंभ

ठीक आहे, रजेवरच बोलतो. माझ्या टीममधला एक जण असा गेला तेव्हा मी त्याचं काम चौघांत वाटलं. वर माणूस मागितला होता, मिळाला नाही. इथलं वाचून एवढं म्हणेन की वाटण्याऐवजी एखादं काम थांबवायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं असेल तर तत्त्वतः पटतं. पण थांबवलं असतं तर ग्राहकासमोर उभा मीच राहिलो असतो, तुम्ही नाही. वाटायला कोणाची सही लागत नाही. थांबवायला तीन जणांची लागते.

कोरा कागद

मग लेख त्या सह्यांवर लिहायचा होता, कणखरपणावर कशाला लिहिलात?

दीपस्तंभ

लिहीन. पण समुपदेशन कोणी वापरत नाही हा माझा मुद्दा कोणी खोडला नाही.

उंबरठा

मी खोडतो. आमच्याकडेही फुकट होतं. नोंदणी ऑफिसच्या मेलवरून करायची होती आणि वेळ कामाच्या तासांत, म्हणजे 'कुठे चाललास?' याचं उत्तर बॉसला द्यायचं. काय बोललो ते बाहेर जाणार नाही असं पत्रकात छापलं होतं. पण गेलो होतो हे सगळ्यांना दिसणार होतं. मी शेवटी स्वतःच्या खर्चानं बाहेरच्या डॉक्टरांकडे गेलो. माणसं वापरत नाहीत त्याला हेच कारण पुरतं.

दीपस्तंभ

नोंदणीचं आमच्याकडेही तसंच आहे. ते बदलायला सांगता येईल, त्याला पैसे लागत नाहीत.

पण एक सोडणार नाही. माणूस परत आल्यावर त्याला काय झालं होतं हे मला कळायला हवं. नाहीतर काम द्यायचं कसं?

उंबरठा

काय झालं होतं ते नका विचारू. काय जमेल ते विचारा. मला पहिले काही आठवडे बैठका झेपत नव्हत्या, लिखाणाचं काम जमत होतं. सकाळी औषधाची गुंगी असायची, दुपारनंतर डोकं चालायचं. एवढं कळल्यावर काम देता येतं की नाही? त्यासाठी आजाराचं नाव कशाला हवं?

रात्रपाळी

आणि तेच इथे उभ्या असलेल्यांनाही विचारा. मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

दीपस्तंभ

दोघांनाही विचारायचं, कबूल. आजाराचं नाव न कळता चालेल, हे मला अजून पटलेलं नाही.