पोर्ट करताना शिल्लक बॅलन्स

इथे कुणीतरी विचारलंय, नंबर पोर्ट केल्यावर, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलल्यावर, उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत मिळतो का. नाही मिळत, डेटासुद्धा जातो. म्हणून रिचार्ज संपत आला की मगच १९०० वर इंग्रजीत 'पोर्ट', एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज टाका. नव्या कंपनीला द्यायचा ८ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे तो ४ दिवसच चालतो.

आईचं सिम हरवलं, नवं काढलं आणि तिसऱ्याच दिवशी मी पोर्टचा मेसेज टाकला. कोड आलाच नाही! सिम बदलल्यावर ७ दिवस थांबावं लागतं, जुलै २०२४ पासूनचा नियम आहे.

आणि पोर्ट करताना जुन्या कंपनीचं सिम बंद पडेपर्यंत फोनमधून काढू नका, बँकेचे ओटीपी तोवर त्यावरच येतात. आईची पेन्शन त्याच नंबरला जोडलेल्या खात्यात येते, म्हणून कळकळीने सांगतेय.