मदत हवी आहे: पायथनमध्ये एक्सएमएल वाचताना यादी रिकामी येते

नमस्कार मंडळी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून लिहितोय. पायथन नुकतंच शिकायला घेतलंय. आमच्याकडे भाताची रोप लावणी पावसावर ठरते, आणि कणकुंबी-जांबोटीकडे धो धो कोसळतो तेवढा बेळगावच्या पूर्वेला नसतो. म्हणून एका हवामान सेवेतून गावागावांचा पाऊस घेऊन घरच्यांना मराठीत दाखवणारा छोटा प्रोग्राम करतोय.

सेवा माहिती एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुरात, पाठवते. रिक्वेस्ट्स या पायथन लायब्ररीने मागवलं की स्टेटस २०० (म्हणजे मागणी यशस्वी) येतो, एक्सएमएल वाचणाऱ्या एलिमेंटट्रीच्या फ्रॉमस्ट्रिंगला दिलं तरी एरर नाही. पण टॅग शोधणाऱ्या फाइंडऑलने 'स्टेशन' टॅग मागितला की रिकामी यादी! टॅग छापून पाहिले, तर प्रत्येक नावाआधी महिरपी कंसात एक लांबलचक वेबपत्ता चिकटलेला. मूळ टॅगमध्ये एक्सएमएलएनएस आहे, म्हणजे नेमस्पेसचाच (टॅगची नावं कुठल्या संचातली ते सांगणाऱ्या पत्त्याचा) प्रकार असणार. मग फाइंडऑलला नेमस्पेसची डिक्शनरी नेमकी कशी द्यायची? त्यातला प्रीफिक्स (पत्त्याऐवजी वापरायचं छोटं नाव) मी मनाने ठरवला तर चालतो का? मित्र म्हणतो, रिप्लेस करून तो पत्ताच उडव. मला ते पटत नाही, उद्या सेवेने पत्ता बदलला तर?

आणखी एक. रिस्पॉन्सचं (आलेल्या उत्तराचं) टेक्स्ट, म्हणजे अक्षरांत उलगडलेला मजकूर, घेतलं की कन्नड लिपीतली गावांची नावं विचित्र अक्षरांत येतात, कंटेंट, म्हणजे मूळ बाइट्स, घेतलं की नीट. मग कंटेंटच वापरू ना?

दोन-चार ओळींचा नमुना दिलात तर फार उपकार होतील.