मत पक्षाला, माणसाला की विचाराला? तुमच्या घरात खरं काय चालतं?

बांधावरचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून हा धागा काढतोय, कुणी पक्षाचा झेंडा घेऊन येऊ नका प्लीज.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, म्हणजे सातारा लोकसभा. आमचे अण्णा (वडील, वय ७४) १९९९ ला राष्ट्रवादी निघाली तेव्हापासून घड्याळवाले, त्याआधी हात. उमेदवार कोण हे त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. "सायबांचा (शरद पवारांचा) हाय न्हवं, मग झालं." मी कॉलेजात असल्यापासून यावरून त्यांच्याशी भांडत आलोय, की अण्णा माणूस बघा, त्याचे विचार बघा, डोळे झाकून काय देताय.

तर २०२४ ची लोकसभा. पक्ष फुटलेला, घड्याळ अजितदादांकडं गेलेलं, साहेबांना चिन्ह मिळालेलं 'तुतारी वाजवणारा माणूस'. आमच्याकडं मशीनवर घड्याळ नव्हतंच, समोर कमळ होतं. मी अण्णांना आठवडाभर आधीपासून पढवून ठेवलं, घड्याळ शोधत बसू नका, तुतारी बघा आणि दाबा. ७ मेला मतदान करून आले, ओट्यावर चपला काढता काढता म्हणतात, "तुतारी हुती की, जरा सरळच हुती, गडी काय दिसला न्हाई, पर दिलं दाबून." माझ्या पोटात गोळाच आला. ती पिपाणी होती हो, अपक्षाची. निकालात त्या पिपाणीला ३७ हजारांवर मतं आणि आमचा उमेदवार पडला ३३ हजारांच्या आतबाहेर. त्यातलं एक मत आमच्याच ओट्यावरून गेलं आणि तेही मीच पढवून पाठवलेलं.

आता मुद्दा. त्या दिवसापासून मी विचार करतोय की अण्णांची निष्ठा नक्की कशावर? पक्षावर म्हणावं तर पक्ष दोन झाले. उमेदवारावर नाही, विचारावर तर नाहीच. आणि मी जो विचारावर मत देतो म्हणून टेंभा मिरवतो, त्या माझ्या उमेदवाराचं पाण्याच्या वाटपावर काय मत आहे, झेडपीच्या शाळा बंद करण्यावर काय मत आहे, विचाराल तर मला एक ओळ सांगता येणार नाही. जाहीरनामा फोनमध्ये डाउनलोड केलेला, अजून उघडलेला नाही. तुमच्याकडं कसं आहे? खरं सांगा.

बूथवाला

पाच निवडणुका पोलिंग एजंट म्हणून बसलोय, पक्ष सांगत नाही, उगाच धाग्याचं भजं होईल.

यादी घेऊन बसलं की नावावर टिक करता करता मनात दुसरी खूण आपोआप पडत जाते, हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा. आमच्या बूथला हजार-अकराशे नावं, त्यात कुंपणावरची धरून चालायची शंभर-दीडशे. सगळ्या गाड्या, सगळी पाकिटं, सगळी मटणाची पातेली त्या दीडशेंसाठी. बाकीच्यांना कुणी विचारतसुद्धा नाही, त्यांना फक्त 'लवकर उरकून घ्या' एवढाच निरोप.

पण 'आपला' म्हणजे पक्षाचा असं समजू नका, आपला म्हणजे गटाचा. कुणाचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो, सोसायटीला कुणाच्या पॅनलमधून उभा होता, पोराला डेअरीत कुणी चिकटवलं, हे माहीत असलं की नव्वद टक्के काम झालं. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं, तरी बघा कसं चुरशीनं होतं ते, भाऊ भावाशी बोलत नाही. पक्ष हा शर्ट आहे राव, गट म्हणजे कातडं. नेता शर्ट बदलतो, गट तसाच मागं जातो. तुमचे अण्णा मात्र वेगळ्या जातीतले, त्यांचा गट थेट वरच्या माणसाशी. असे म्हातारे प्रत्येक गावात होते, कमी होत चालले.

निकालवाला

@बूथवाला, नेता शर्ट बदलतो आणि गट मागं जातो हे बाकी कुठं चालत असेल, साताऱ्यातच फसलंय की ते. २०१९ मे महिन्यात उदयनराजे घड्याळावर लाखाच्या वर लीडनं निवडून आले. सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरात पोटनिवडणूक, आणि श्रीनिवास पाटलांनी त्यांना ८७ हजारांनी पाडलं. तोच माणूस, तेच मतदार, मध्ये पाच महिने. शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवत असेलच.

आता यातली खरी गंमत सांगतो. त्याच दिवशी विधानसभेचंही मतदान होतं. एकाच खोलीत दोन मशीन, लोकसभेचा कागद पांढरा, विधानसभेचा गुलाबी. लोकसभेला राष्ट्रवादीला एवढं लीड, आणि खालच्या ६ विधानसभांत काय, तर वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादी, कराड दक्षिण काँग्रेस, कोरेगाव आणि पाटण शिवसेना, सातारा भाजप. आघाडी तीन, युती तीन. साताऱ्याचे शिवेंद्रराजेही तेव्हा नुकतेच घड्याळ सोडून कमळात गेलेले, ते निवडून आले! म्हणजे पक्ष बदलला म्हणून एका राजांना पाडलं आणि दुसऱ्या राजांना ठेवलं, त्याच दिवशी. यात निष्ठा कुठली आणि विचार कुठला, मला काढून दाखवा. वर २०२४ ला त्याच उदयनराजेंना कमळावर निवडूनही दिलं.

अजून एक, पिपाणीवरून आठवलं. २०१४ ला रायगडात तटकरे साधारण २१०० मतांनी पडले आणि तिथं सुनील तटकरे याच नावाचा दुसरा अपक्ष उभा होता, त्यानं साडेनऊ हजारांवर मतं खाल्ली. म्हणजे रायगडात लोकांनी नाव बघून दाबलं आणि चुकलं, साताऱ्यात चिन्ह बघून दाबलं आणि चुकलं. मशीनवर पक्षाचं नाव छापलेलंच नसतं हे किती जणांच्या लक्षात आहे? नाव, फोटो, चिन्ह, बास. फोटो आले तेसुद्धा या नामसाधर्म्याच्या भानगडी व्हायला लागल्या म्हणून.

बूथवाला

@निकालवाला, मान्य. त्या दिवशी मी बसलो होतो आणि आमच्या बूथला असंच झालं, माझी यादी पार उलटीपालटी. कातडंवाला डायलॉग मागं घेतो, अर्धा.

तर्कटराव

सगळे भावनेत वाहत चाललेत म्हणून एक रुक्ष मुद्दा. उमेदवाराचे विचार बघून मत देऊन करणार काय? १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट म्हणजे पक्षांतरबंदी आली, तेव्हापासून व्हिप (पक्षाचा आदेश) निघाला की आमदार-खासदारानं पक्ष सांगेल तिकडं हात वर करायचा, नाहीतर आमदारकी जाण्याची टांगती तलवार. तुमचा उमेदवार पाण्यावर पीएचडी केलेला असला तरी सभागृहात त्याचं मत पक्षाचंच असणार. मग पक्ष बघून मत देणारे अण्णा अडाणी नाहीत, उलट तेच जास्त लॉजिकल आहेत. (नंतर पक्षच्या पक्ष फुटून पलीकडं जातो तेव्हा या लॉजिकचं काय होतं ते मला विचारू नका, त्यावर अजून कोर्टालाही धड उत्तर देता आलेलं नाही.)

चांदवडचा कांदा

तुमच्या चर्चेत राजेच राजे चाललेत, आमच्याकडं या जरा. दिंडोरी लोकसभा.

डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. माझा लाल कांदा ट्रॅक्टरमध्ये भरलेला, सकाळी निघायच्या आधी मोबाईलवर मेसेज फिरायला लागले, पोचलो तर लिलाव बंद पाडलेले. आठ दिवसांनी विकला तर भाव निम्म्यावर. मी तोपर्यंत कमळवाला, माझे वडीलही, सांगायला लाज नाही. बंदी उठली ४ मे ला, आमचं मतदान २० मे ला. बंदी उठवली तरी ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के निर्यात ड्युटी वर ठेवलेली. आता त्यात कोण विसरणार? केंद्रात मंत्री असलेल्या बाई लाखाच्या वर मतांनी पडल्या, आणि कुणाकडून, तर भगरे सरांकडून, शाळामास्तर माणूस. आणि आमच्याकडंही पिपाणी होतीच बरं का, तिला तर १ लाखावर मतं पडली, कारण तिथल्या उमेदवाराचंही आडनाव भगरेच. तरीसुद्धा सर आले.

म्हणून मी म्हणतो की विचारानं मत दिलं, मुद्द्यावर दिलं. आता यावर तुम्ही म्हणाल मग नोव्हेंबरात काय झालं. बरोबर आहे, सहा महिन्यांत विधानसभेला नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ महायुतीचे आणि उरलेलं मालेगाव मध्य एमआयएमला. आमच्या दिंडोरी लोकसभेतल्या सहाच्या सहा जागा महायुतीच्या. मी स्वतः परत कमळावर आलो. का, तर दिल्लीचा राग दिल्लीवर काढून झाला होता, आणि आमदार कॅनॉलला पाणी सोडायचं असलं की फोन उचलतो. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

तळकोकणी

विचारावर मत देणारे मतदार बघायचे असतील तर जुना राजापूर मतदारसंघ बघा. १९५७ पासून तीनदा नाथ पै, ते गेल्यावर १९७१ पासून सलग पाच वेळा मधू दंडवते, दोघंही समाजवादी. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत जवळजवळ सगळा महाराष्ट्र काँग्रेसकडे गेला तरी आमच्या लोकांनी दंडवत्यांना ठेवलं. पैसा नाही, साखर कारखाना नाही, फक्त भाषणं आणि कोकण रेल्वे. १९९१ ला मात्र त्यांनाही घरी बसवलं, ते वेगळं.

घोडागाडी

जातीचं नाव कुणीच काढत नाहीये, छान. २०२४ ला बीड लोकसभेचा निकाल साडेसहा हजारांवर फिरला तेव्हा तिथं जाहीरनामे वाचत होते का लोक?

स्वयंपाकघरातून

सगळे प्रतिसाद वाचले. अण्णा, राजे, म्हातारे, मास्तर, सगळे पुरुषच. मी पिंपरीत राहते, आमच्या चाळीत आम्ही सोळा-सतरा बायका. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे १५०० चालू झाले. विधानसभेच्या निकालानंतर गल्लीत पुरुष मंडळींची चर्चा काय, तर बायका पैशाला भुलल्या. का हो? कांद्याचा भाव बघून मत दिलं की तो मुद्दा, व्हिप बघून दिलं की ते लॉजिक, आणि बाईनं स्वतःच्या खात्यावर आलेले दीड हजार बघून दिलं की भुलली? माझ्या शेजारणीनं लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक एंट्री करून आणलं, मला दाखवायला घेऊन आली, त्या पानाला हळदीचं बोट लागलेलं. तिनं मत कुणाला दिलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. आमच्यातल्या दोघी-तिघींनी पैसे घेऊन उलटंही मत दिलंय, ते त्यांनी हसत हसत सांगितलं. नवऱ्याला अजून माहीत नाही.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. स्वयंपाकघरातून, तुमच्या प्रतिसादानं मला जरा टोचलं, कारण त्यावरून आठवलं ते सांगतो.

विधानसभेला मी चूक सुधारायची म्हणून दोन्ही चिन्हं वहीच्या कागदावर काढली, पिपाणीवर फुली मारली, पागोट्याच्या गड्याभोवती गोल केला, अण्णांच्या खिशात ठेवला. आत कागद न्यायला अडवतील म्हणून ते दारातच चार वेळा बघून पाठ करून गेले. आले ते छाती पुढं काढून, "ह्या टायमाला गडी बगून दाबलं." कोरेगावात तुतारीचा उमेदवार पडलाच, पण अण्णा खूश, आपलं मत योग्य जागी गेलं म्हणून.

तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री जेवताना पहिल्यांदाच आईला विचारलं, की तू लोकसभेला आणि विधानसभेला कुणाला दिलंस. इतकी वर्षं आम्ही दोघं तिच्यासमोर भांडतोय आणि धरूनच चाललोय की अण्णा तिकडं ती. भाकरी उलटवता उलटवता म्हणाली, "गुप्त असतंय न्हवं मतदान? मग." आणि अण्णांच्या ताटात वाढून निघून गेली. अण्णा माझ्याकडं बघतायत, मी अण्णांकडं.

बूथवाला

आमच्या यादीत तुमच्या घरावर एकच खूण असणार बघा, सगळ्यांची मिळून, आणि ती अण्णांच्या नावावर.